मनात ओलावा नसताना केलेली सेवा आणि उपासना : हे ढोंग आहे का?

दुसरे_वाचन (प्रश्न)

सर्वांना सलाम. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. इथे कुणाला माझं नाव माहीत नाही म्हणून लिहिते.

माझ्या सासूबाई पक्षाघाताने अंथरुणावर आहेत. उजवी बाजू गेली, त्याबरोबर वाचाही गेली. भरवणं, अंग पुसणं, डायपर बदलणं, रात्री उठून कूस बदलणं, सगळं माझ्याकडे. नवरा कामावरून आला की उचलायला हात लावतो. बाकीचं माझंच, हे आमच्या घरात कुणी ठरवलं नाही, तरी ठरलेलं आहे.

आमचं दोघींचं कधीच जमलं नाही. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्या माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर उभी असताना नवऱ्याला म्हणायच्या, "तिला सांग, भांडी तशीच पडलीयेत." आता पाणी हवं असलं की डाव्या हाताने माझी बाही ओढतात.

आमच्या चर्चच्या मंडळीत माझं फार कौतुक होतं. पाळकांनी एकदा प्रवचनात नाव न घेता माझा दाखला दिला, तर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, कारण खरी गोष्ट अशी की मला सासूबाईंबद्दल काही वाटत नाही. रोज राग येतो असंही नाही. काहीच नाही. हात काम करतात. कधी किळस येते, तेव्हा तोंड फिरवते आणि काम उरकते.

मी चर्चमध्ये शास्त्रवाचन करते. मध्यंतरी माझ्या वाट्याला 1 करिंथ 13, पौलाच्या पत्रातला प्रीतीवरचा अध्याय, आला. "अपकार स्मरत नाही" इथे माझा आवाज अडकला. लोकांना वाटलं मी भारावले. नंतर दोघीतिघींनी हात हातात घेऊन सांगितलं, आज वाचन मनाला भिडलं. त्या दिवसापासून यशया संदेष्ट्याचं वचन डोक्यातून जात नाही : हे लोक ओठांनी माझा मान राखतात, पण त्यांचं मन माझ्यापासून दूर आहे. उपासनेत गाताना तर आत अगदी कोरडं असतं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, वेळीही हल्ली मी काहीतरी निमित्त काढून मागे थांबते.

दुसऱ्या बाजूला माझी नणंद. प्रार्थनासभेत आईसाठी इतकी रडते की शेजारच्या बाईला तिला पाणी आणून द्यावं लागतं. आईकडे मात्र क्वचित डोकावते. तिच्यापाशी भावना आहे, माझ्यापाशी काम. यातली कुणाची उपासना खरी?

मी वाचन सोडून द्यावं का? आणि जे वाटत नाही ते करत राहणं याला ख्रिस्ती प्रीती म्हणता येईल का?

(बायबलमधल्या रूथ आणि नामी या सून-सासूचा दाखला कृपया नको. तो मला सगळ्यांनी दिलेला आहे.)

गव्हाचा_दाणा

ताई, प्रीती हे आत्म्याचं फळ आहे, गलती 5:22. फळ आपण आपल्या जोरावर आणू शकत नाही. तुम्ही स्वतःच्या ताकदीने सेवा करताय म्हणून कोरडं वाटतंय. पहाटे उठून प्रार्थनेत थांबा, देवाला म्हणा मला भरून टाक. माझ्या बाबतीत हे झालेलं आहे. ज्या माणसाचं तोंड पाहवत नव्हतं त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आलं. तुमच्याही बाबतीत होईल. सोडू नका.

मिठाचा_खडा

दाणा, भाऊ, ज्या बाईला रात्री उठून कूस बदलावी लागते तिला तुम्ही पहाटे उठायला सांगताय.

ताई, मला हा प्रश्नच थोडा विचित्र वाटतो. याकोबाचं पत्र वाचा, 2:15-16. उघड्यानागड्या, उपाशी भावाबहिणीला कुणी नुसतं "सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा" म्हणालं आणि दिलं काहीच नाही, तर काय उपयोग? तुम्ही देताय, नणंद "ऊब घ्या" म्हणतेय. एवढं साधं आहे.

आणि मत्तय 21 मधले दोन मुलगे. बाप म्हणाला द्राक्षमळ्यात काम कर. एक म्हणाला नाही जात, पण नंतर गेला. दुसरा म्हणाला हो, जातो, आणि गेलाच नाही. येशूने विचारलं, बापाच्या मनासारखं कुणी केलं? तोंडावर "नाही" म्हणणाऱ्याने. तो मळ्यात गेला तेव्हा त्याच्या मनात उमाळा होता की कपाळावर आठी होती, याची चौकशी कुणी केलेली नाही. माझा अंदाज विचाराल तर आठीच.

भावना हवी कशाला? आज्ञा आहे, तुम्ही पाळताय, संपलं.

दुसरे_वाचन

मिठाचा_खडा, दिलासा वाटला, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही म्हणता तेवढं ते संपत नाही. मी जो अध्याय वाचला त्याच्याच तिसऱ्या ओळीत आहे की मी सगळं दान केलं, देहसुद्धा दिला, पण प्रीती नसेल तर मला काही लाभ नाही. म्हणजे काम करूनही प्रीती नसू शकते. माझी नेमकी तीच अवस्था आहे असं मला वाटतं. आणि येशूच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याबद्दलही लूकने लिहिलंय की जखमी माणसाला पाहून त्याला कळवळा आला. आधी कळवळा, मग तेल, द्राक्षारस, पट्ट्या. मला तो पहिला भागच येत नाही.

जुना_पाळक

ताई, सलाम. मी निवृत्त पाळक आहे, त्यामुळे उत्तर लांबेल. सवय जात नाही.

आधी यशयाच्या त्या वचनाकडे येतो, कारण तुम्ही स्वतःला त्याच्यानेच झोडपताय. येशूने ते कुठे आणि कुणाला ऐकवलं ते मत्तय 15 किंवा मार्क 7 उघडून पाहा. यरुशलेमेहून परूशी आणि शास्त्री, म्हणजे नियमशास्त्र कडकपणे पाळणारे आणि शिकवणारे, आले होते. शिष्य हात न धुता जेवतात म्हणून त्यांची तक्रार होती. येशूने त्यांनाच विचारलं, आईबापांचा मान राख ही देवाची आज्ञा तुम्ही का मोडता? त्या काळी एक पळवाट होती. मुलाने आईबापांना सांगायचं, "माझ्याकडून तुम्हाला जे मिळायचं ते मी देवाला अर्पण केलं आहे." असं एकदा म्हटलं की म्हाताऱ्यांसाठी त्याला काही करावं लागत नसे, आणि वर भक्तिमान म्हणून नाव. येशूने "ढोंग्यांनो" म्हणून यशयाचं वचन काढलं ते या लोकांसाठी. देवाचं नाव पुढे करून म्हाताऱ्या आईबापांची सेवा चुकवणं, असा त्या वचनामागचा प्रसंग आहे. तुम्ही ते वचन आपल्यावर ओढून घेतलंत कुठून? सासूबाईंना तसंच टाकून तुम्ही चर्चमध्ये मनापासून गात असतात, तर मला खरी काळजी वाटली असती.

आता 1 करिंथ 13. आपण तो अध्याय लग्नात वाचतो, त्यामुळे तो गोड वाटतो. पौलाने तो लिहिला एका भांडखोर मंडळीला. त्याच पत्रात पाहा, सहाव्या अध्यायात भाऊ भावाला कोर्टात खेचतोय. अकराव्यात प्रभुभोजनाला जमलेले काही लोक आपलं आपलं खाऊन घेतात, एक उपाशी राहतो आणि दुसऱ्याला दारू चढलेली असते. चौदाव्यात अन्य भाषा, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने इतरांना न कळणारं, बोलणाऱ्यांची इतकी गर्दी की बाहेरचा माणूस आत आला तर तुम्हाला वेडे म्हणेल, असं पौल लिहितो. तेराव्याची सुरुवात झणझणणाऱ्या झांजेने होते ती त्यामुळे. आत्म्याने दिलेल्या आपल्या देणग्यांचं प्रदर्शन मांडणाऱ्या माणसांशी तो बोलतोय. तिसऱ्या ओळीतलं दानही त्याच रांगेतलं आहे, आपलं मोठेपण दिसावं म्हणून केलेलं. तुमची सेवा कुणाला दिसावी म्हणून चाललेली नाही. दिसली तर तुम्हाला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं, हे तुम्हीच लिहिलंय.

मग प्रीती म्हणजे काय ते तो चौथ्या ओळीपासून सांगतो. मी तो अध्याय किती वेळा प्रवचनाला घेतला असेन याची गणती नाही, पण त्यात "प्रीतीला भरून येतं" असं कुठे लिहिलेलं नाही. सहन करते, हेवा करत नाही, बढाई मारत नाही, स्वार्थ पाहत नाही, चिडत नाही. बहुतेक सगळं वागण्याचं.

तरीही मिठाचा_खडा यांच्यासारखं "संपलं" मी म्हणणार नाही. तुमचा आवाज "अपकार स्मरत नाही" इथेच का अडकला? त्याच्या आधीच्या ओळी तुम्ही सहज वाचल्यात. तुमच्या प्रश्नात ते "तिला सांग, भांडी तशीच पडलीयेत" आहे. इतक्या वर्षांनीही शब्द न् शब्द, भांड्यांसकट. मनात एक वही आहे आणि त्यातली एकही नोंद पुसट झालेली नाही. हा दोष देत नाही मी. वहीतल्या नोंदी खऱ्या आहेत. अपमान झाला होता. त्या आता आजारी आहेत म्हणून तो झालाच नाही असं धरून चालायला ख्रिस्ताने कुठे सांगितलेलं नाही. कोरडेपणाचं मूळ मात्र मला तिथे दिसतं. हात एका बाईची सेवा करताहेत आणि मन दुसऱ्याच बाईशी, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या, हिशोब करतंय.

त्या वहीचं काय करायचं? मी सांगेन, ती देवापुढे उघडा. मोठ्याने वाचून दाखवा. स्तोत्रसंहितेत हे चालतं. 109 वं स्तोत्र पाहा, त्यात स्तोत्रकर्ता आपल्या शत्रूला जे शाप देतो ते चर्चमध्ये मोठ्याने वाचायला आम्ही पाळक कचरतो. 88 वं पाहा, ते काळोखातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. ही उपासनेची गीतं आहेत, ताई. दीडशे स्तोत्रांत सर्वांत मोठा गट विलापाचा आहे. खऱ्या मनाने उपासना म्हणजे भरलेल्या मनाने उपासना, असं आपल्या डोक्यात कुणीतरी घालून ठेवलंय. लूक 18 मधला जकातदार मंदिरात दूर उभा राहिला, वर डोळेही उचलत नव्हता. त्याच्याजवळ सांगण्यासारखं एकच वाक्य होतं, पापी आहे, दया कर. नीतिमान ठरून घरी गेला तो. तुम्ही गाताना कोरडं वाटतं, तर गाण्याआधी मनात म्हणा, प्रभो, आज कोरडं आहे, सासूबाईंबद्दल मला काही वाटत नाही. यापेक्षा खरी प्रार्थना मला माहीत नाही.

प्रभुभोजन टाळू नका. "अयोग्य प्रकारे" घेण्याबद्दलचा पौलाचा इशारा वाचून बरेच कोवळ्या मनाचे लोक मागे राहतात, आणि ज्यांनी राहायला हवं ते पुढे असतात. तो इशारा ज्या प्रसंगावरून आला तो वर सांगितलाच : उपाशी भावासमोर पोट भरणारे लोक. तुम्ही घास भरवून आलेल्या आहात.

वाचन सोडायचं कारण मला दिसत नाही. ज्या ओळीवर अडखळता ती ओळ तुम्हाला ऐकू येते, एवढंच त्याचं निदान.

रूथ-नामी नको म्हणालात, तरी राहवत नाही. रूथचं ते प्रसिद्ध वचन सगळे सांगतात, तुम्ही जाल तिकडे मी येईन वगैरे. त्याच अध्यायाच्या शेवटी काय होतं? दोघी बेथलेहेमात पोचतात, बायका जमतात आणि नामी सगळ्यांना सांगते, मी भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणलं. रूथ शेजारी उभी आहे! सासूने तिला मोजलंसुद्धा नाही. त्यावर रूथला काय वाटलं हे शास्त्रात नाही. पुढच्या अध्यायात ती धान्य वेचायला गेली, एवढंच आहे.

गव्हाचा_दाणा

पाळकसाहेब, पण मन बदलायला नको का? यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात नवं हृदय देण्याचं वचन आहे, पाषाणाचं काढून मांसाचं. तुम्ही तर तिला कोरडंच राहायला सांगताय.

जुना_पाळक

वचन देवाने दिलंय, भाऊ, तेव्हा त्याची वेळ त्याने ठरवावी. ताईंनी तोवर हृदय तपासत बसू नये, एवढंच म्हणतो.

तिसरा_बाक

मी कॅथलिक आहे, त्यामुळे माझी उदाहरणं थोडी वेगळी.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट संन्याशांच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. आधी सैनिक, पायाने अधू, फारसं शिक्षण नाही. त्यांना स्वयंपाकघरात काम दिलं. त्यांना त्या कामाचा स्वभावतःच तिटकारा होता, हे त्यांच्याशी बोललेल्या माणसानेच नोंदवून ठेवलंय. तरी वर्षानुवर्षं तिथेच राबले आणि प्रत्येक काम देवावरच्या प्रीतीखातर करायचं एवढंच धरून ठेवलं. 1691 मध्ये वारले. लोक आजही त्यांचं नाव घेतात ते देवाच्या सान्निध्यात जगण्याबद्दल. मला त्यांच्यातलं आवडतं ते हे की तिटकारा संपल्यावर मग प्रीती सुरू करू, असं ते म्हणाले नाहीत.

दुसरं, मदर तेरेसा. त्यांची खाजगी पत्रं 2007 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी प्रसिद्ध झाली, तेव्हा बरेच लोक हादरले. कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देव जाणवत नव्हता, आत काळोख होता, आणि त्याच काळात त्या रस्त्यावरच्या मरणाऱ्यांना उचलत होत्या. काही लोक तेव्हाही म्हणाले, मग हे ढोंगच की! मला तसं वाटत नाही. पण एक भान ठेवायला हवं : त्या काळोखाबद्दल त्या आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांशी बोलत होत्या. एकट्याने गिळला नाही. तुम्ही तुमच्या पाळकांना हे सांगितलंय का? प्रवचनात दाखला देणाऱ्या माणसाला सांगणं अवघड आहे, कळतं मला. मग दुसरं कुणीतरी शोधा.

नणंदेबद्दल एक. तिचे अश्रू खोटेच असतील असं धरू नका. काही माणसं आजारी आईला त्या अवस्थेत पाहू शकत नाहीत, पळतात, आणि मग पळाल्याबद्दल रडतात. याने तुमचं काम हलकं होत नाही, हे मान्य.

मिठाचा_खडा

रडून झालं की डोळे पुसून एक डायपर बदलून जा म्हणावं.

रात्रपाळी

मी नर्स आहे, पक्षाघाताचे रुग्ण रोज पाहते. वरची चर्चा वाचली. सगळ्यांनी ताईंच्या मनाबद्दल लिहिलं, शरीराबद्दल कुणीच नाही.

ताई, जो माणूस रात्रीची सलग झोप विसरलाय त्याला काहीच वाटेनासं होतं. ना राग, ना प्रेम, ना देव. हे मी घरी सेवा करणाऱ्या कितीतरी जणींत पाहते, आणि त्यात ख्रिस्ती-बिगरख्रिस्ती असा फरक नसतो. तुमचा कोरडेपणा सगळाच आध्यात्मिक आहे असं धरून चालू नका. जुना_पाळक म्हणतात ती वही असेलही. पण वही वाचायला डोळे उघडे हवेत.

1 राजे 19 आठवा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली झोपून म्हणाला, पुरे झालं परमेश्वरा, माझा प्राण घे. देवाने तेव्हा त्याला काही समजावलं नाही. देवदूताने उठवलं, ऊन भाकर आणि पाण्याचं भांडं दिलं. त्याने खाल्लं आणि पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. देव त्याच्याशी बोलला ते पुढे, होरेब डोंगरावर, चाळीस दिवस चालून गेल्यानंतर. आधी झोप आणि जेवण, मग शिकवण.

म्हणून मी मंडळीवर जरा चिडले आहे. कौतुक करणाऱ्या त्या दोघीतिघी हात हातात घेतात त्यापेक्षा आठवड्यातून एका दुपारी सासूबाईंजवळ बसतील तर तुम्ही झोपाल. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी "प्रार्थना करू" म्हणून सोडून दिलं नाही. त्या कामासाठी सात माणसं नेमली. तुमच्या पाळकांना हा अध्याय दाखवा आणि सांगा, दाखला नको, माणूस द्या. मोघम "मदत करा" म्हणू नका. "बुधवारी दोन ते पाच" असं सांगा. नणंदेलाही तसंच, वार आणि वेळ ठरवून. रडणारी माणसंसुद्धा नेमकं काम सांगितलं की कधीकधी येतात. न आली तर निदान कळेल.

नवऱ्यालाही शिकवा. आईचा डायपर मुलगा बदलू शकतो. वॉर्डात आमचे वॉर्डबॉय बदलतातच.

आणि हे काहीच न वाटणं, झोप मिळाल्यावरही टिकलं, जेवण जाईना, जगण्यात रस वाटेना, तर डॉक्टरांना दाखवा. ते विश्वास कमी पडल्याचं लक्षण नाही.

किळस येते त्याची लाज नको. आम्हालाही येते. मास्क लावतो आणि काम करतो.

दुसरे_वाचन

तुम्हा सगळ्यांचं वाचून दोनदा रडले, म्हणजे अगदीच कोरडी नाही म्हणायची!

जुना_पाळक, मत्तय 15 उघडून पूर्ण वाचला. इतकी वर्षं ते वचन मी सुटंच ऐकत होते. वहीबद्दल तुम्ही लिहिलंत ते झोंबलं, पण खोटं नाही. देवापुढे मोठ्याने वाचायचं हे मात्र मला जमेल का, बघते. मोठ्याने म्हणजे सासूबाईंच्या खोलीत नक्कीच नाही.

रात्रपाळी, मी पाळकांच्या पत्नीशी बोलले. त्या स्वतः येते म्हणाल्या, आणि दाखल्याचं ऐकून त्यांचा चेहरा पडला. नणंदेला वार आणि वेळ लिहून पाठवलाय, उत्तर आलेलं नाही.

एक विचारायचं होतं. सासूबाई आजारी पडण्याआधी रोज रात्री प्रार्थना आणि एक गीत म्हणायच्या. आता घरात ते बंदच आहे. त्यांना काही कळतं का हेही मला सांगता येत नाही, बोललं तर नुसत्या बघत राहतात. त्यांच्यासमोर प्रार्थना म्हणावी का? उगाच त्यांना त्रास होईल, आपल्याला येत नाही म्हणून, असं वाटतं. आणि मला मनापासून म्हणता येणार नाही ते वेगळंच.

रात्रपाळी

जरूर म्हणा. वाचा गेली म्हणजे समज गेलीच असं नसतं. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की उजवं अंग आणि बोलणं दोन्ही जाऊ शकतं, पण ऐकलेलं कितीतरी कळत असू शकतं. बाही ओढून पाणी मागतात म्हणजे काय हवंय ते त्यांना पक्कं माहीत आहे.

आणखी एक, हे वॉर्डात आम्ही वरचेवर पाहतो : ज्यांना स्वतःहून एक वाक्य बोलता येत नाही, त्यातल्या काहींना जुनं पाठ असलेलं गाणं गाता येतं, शब्दांसकट. पाठ प्रार्थनाही ओठांवर येते. नवं बोलणं आणि वर्षानुवर्षं घोकलेलं म्हणणं हे मेंदूत एकाच वाटेने येत नाही. सगळ्यांना जमतं असं नाही, म्हणून अपेक्षा ठेवून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसू नका.

त्यांच्या नेहमीच्या गीताने सुरू करा, तुमच्या आवडीच्या नको. डाव्या बाजूला बसा, म्हणजे हात धरता येईल. सावकाश म्हणा, ओळीच्या शेवटी जरा थांबा, शेवटचा शब्द त्यांना घेऊ द्या. नाही घेतला तर तुम्ही म्हणा आणि पुढे जा. प्रभूची प्रार्थनाही तशीच. घरात टीव्ही चालू असेल तर बंद करा, दोन आवाज आले की त्या गोंधळतात.

मनापासून येत नाही म्हणालात. त्यांच्या कानाला तुमचा आवाज पुरेल.

फक्त एक काळजी घ्या. हे जेवणाच्या वेळी करू नका. भरवताना त्यांना नीट टेकून बसवा, घास गिळला की नाही ते बघा, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तरी तसंच बसवून ठेवा. तोंडात घास असताना गायला गेल्या तर अन्न श्वासनलिकेत जाईल. गाणं त्या अर्ध्या तासात, तोंड रिकामं आहे याची खात्री करून.